बांगडीच्या मापाचे हातमोजे

ब्रेक लागेना. मालकांनी दोन्ही हातांनी आवळला होता. मागून मला त्यांचे खांदे ताठ झालेले दिसत होते, तरी सायकल उताराला पळतच होती. मी कॅरियरवर एका अंगाला बसले होते. मांडीवर लाकडी पेटी होती आणि पेटीत वाड्यावस्त्यांवरच्या माणसांच्या रक्ताच्या काचा होत्या.

"दाबा की वं!" मी ओरडले.

"दाबलाय! दबंना! मोजा अडाकलाय मधी!"

त्यांच्या रबरी हातमोज्यांची बोटं पुढून रिकामी होती. ती रिकामी टोकं ब्रेकची दांडी आणि मूठ यांच्यामध्ये जाऊन पाचरीसारखी बसली होती. दांडी वर येत नव्हती, ब्रेक चाकाला टेकत नव्हता. मालकांनी एक हात सोडला आणि मोजा दातांनी ओढायला लागले. तेवढ्यात ओढ्याजवळचं वळण आलं. धुकं एवढं होतं की वळणावर पोचलो तेव्हाच ते दिसलं. पुढचं चाक मुरमावर घसरलं आणि आम्ही सायकलीसकट करवंदीच्या जाळीत जाऊन पडलो.

आधी काचा फुटल्याचा आवाज आला. मग मालक कण्हले.

"हात गेला माझा," ते म्हणाले.

उजवं मनगट भलतीकडंच वाकलं होतं. हातात मोजा तसाच होता. ते मोजे मी पसंत करून आणले होते आणि ते बदलून आणायलाच आम्ही भोरला निघालो होतो. नवरा समोर विव्हळत पडलेला असताना मला आधी काय वाटलं असेल? मला लाज वाटली. कोणी बघत नव्हतं, तरी मी पदर तोंडावर ओढला.

माझं माहेर भोंगवलीचं. तिकडं उघडं रान आहे, थंडीतही सकाळी लवकर ऊन अंगावर येतं. लग्न करून आले ती पालीच्या जवळच्या एका वाडीत, राजगडाच्या सावलीत. इकडं पाऊस संपला तरी ओल संपत नाही. थंडीत पहाटे एवढं दव पडतं की झाडाखाली उभं राहिलं तर डोकं भिजतं. गवत ओलं, सायकलीचं लोखंड ओलं, धुक्यातून गेलेल्या माणसाच्या भुवया ओल्या.

मालक मलेरियाच्या कामाला होते. सातवी पास होते म्हणून घेतलं होतं, पण नोकरी कायम नव्हती. सायकलीवरून वाड्या-वस्त्यांवर जायचं, कुणाला हिवताप आलाय का विचारायचं, ताप असेल त्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. लोक रानात जायच्या आत गाठावे लागत, म्हणून अंधारातच निघायचं. सगळ्या आळ्यांत जायचे ते. लोक बोट पुढं करायचे. प्यायला पाणी मागितलं तर काही घरांत लांबून ओंजळीत ओतायचे. मालक हे घरी येऊन कधी बोलले नाहीत. मला ते दुसऱ्यांकडून कळायचं. आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती.

पहिल्याच हिवाळ्यात त्यांच्या बोटांना भेगा पडल्या. मी रात्री कोकमाचं तेल कोमट करून चोळायचे. त्यानं भेगा भरत, पण हात बधिर व्हायचे ते व्हायचेच. ओल्या वाऱ्यातून चढ-उतार करत गेलं की बोटं वाकत नसत. मग काच धरवत नसे. एकदा एका अंगणात त्यांच्या हातातून सगळा गठ्ठाच खाली पडला आणि फुटला. वरच्या साहेबांनी सांगितलं, पुन्हा काचा फुटल्या तर दुसरा माणूस बघतो.

आमच्या घरात नोकरी ती एकच. शेत म्हणजे डोंगराच्या कडेचा एक तुकडा, त्यात नाचणी व्हायची. त्यामुळं मालकांचे हात गरम राहणं ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट होती.

पहिले मोजे मी घोंगडीच्या तुकड्याचे शिवले. पिशवीसारखे, अंगठा तेवढा वेगळा. ऊब चांगली होती. पण धुक्यात भिजले की जड व्हायचे आणि भिजल्या मेंढरासारखा वास मारायचे. ओले झाले की हात उघडा बरा, इतके गार. मग जुन्या छत्रीचं कापड वरून शिवलं. ते शिवणीतून गळायचं. तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आत लोकर पाहिजे आणि वर असं काहीतरी पाहिजे की ज्याला शिवणच नाही. म्हणजे रबर.

सासूबाई म्हणाल्या, "हातमोजं? मंग बूट बी आण. टोपडं बी आण. लेकाला माज्या पाळण्यात घाल."

"आत्याबाई, हात चालला न्हाई तर नोकरी जाईल."

"आमच्या येळंला हात काय गळून पडत हुतं व्हय?"

 भोरला जायच्या आदल्या संध्याकाळी मालकांना चुलीपुढं बसवलं आणि त्यांच्या हाताचं माप घ्यायला दोरा काढला. मला हाताचं माप घ्यायची एकच रीत ठाऊक होती, बांगडीची. कासार घेतो तशी. अंगठा आत दुमडायचा, बोटं जुळवायची आणि सांध्यांवरून दोरा फिरवायचा.

"अंगठा आत घ्या," मी म्हणाले.

"मला काय चुडा भरतीस?"

"भरते. गप बसा."

आत लोकरीचा मोजा असणार, म्हणून हाताला आधी एक फडकं गुंडाळलं आणि त्यावरून माप घेतलं. मला वाटलं मी फार विचार करून काम केलं. बोटांच्या लांबीचं माप घ्यायचं मला सुचलंच नाही. बांगडीला बोटाच्या लांबीचं काय काम!

भोरच्या बाजारात एका दुकानात स्वेटर, कानटोप्या, रेनकोट असं बाहेर टांगलेलं होतं. दुकानाला दगडी पायरी होती. मी पायरीखाली उभी राहिले.

इथं मला नीट सांगितलं पाहिजे. दुकानदार चष्मा लावलेला, म्हातारपणाकडं झुकलेला माणूस होता. त्यानं मला कुणाची म्हणून विचारलं नाही. थांब म्हणाला नाही. माझ्या पुढंच एक बाई आत गेली आणि बाकड्यावर बसली. मला आत जायला कोणी अडवलेलं नव्हतं. मीच खाली थांबले. माझी आई बाजारात अशीच उभी राहायची, पायरीच्या खाली आणि जरा बाजूला. माझे पाय आपोआप तिथं थांबले. घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, मी रोज वंदना म्हणत होते आणि पाय मात्र तिथंच थांबले.

"काय पाहिजे बाई? आत या की," तो म्हणाला.

"हितंच बरी हाय. हातमोजे दावा. सायकल चालवणाऱ्याचे. ऊब बी पाहिजे आन पानी बी आत जायला नको."

त्यानं लोकरीचे दाखवले, लाल आणि तपकिरी. मी विचारलं, भिजले तर? तो म्हणाला, लोकर आहे, भिजणारच. मग चामड्याचे काढले. आत मऊ अस्तर होतं, दिसायला फार देखणे. मी विचारलं, दवानं रोज भिजलं तर चामडं कडक व्हायचं न्हाई का? म्हणाला, तेल लावत जा. चामडं बघून मला नको वाटलं. आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायची सोडून दिली होती. आता चामड्यात हात घालून मालक दारोदार गेले की कोणीतरी काहीतरी बोलणारच.

शेवटी त्यानं आतून काळे रबरी काढले. जाड होते, कोपरापर्यंत यायचे. मोरीत, गोदामात कामाला नेतात, म्हणाला. मी पाणी जातं का विचारलं, तर त्यानं तांब्यातलं पाणी एका मोज्यात ओतलं आणि मोजा बोटं खाली करून टांगून दाखवला. एक थेंब गळला नाही. मी खूश झाले. आत लोकरी, वर रबरी. ठरलं.

"बाई, हे घालून बघा," त्यानं मोजे पुढं केले.

माझे हात तेव्हा कसे होते ते मला दिसलं. शेणानं नखं काळी, बोटांना चिरा, एका चिरेत राख बसलेली. हे हात त्याच्या नव्या मालात घालायचे?

"नको," मी म्हणाले. "माप आणलंय."

मी दोरा काढून त्याच्यापुढं पायरीवर ठेवला. हातात दिला नाही.

त्यानं तो उचलला, चष्मा वर करून बघितला. "हे तर बांगडीचं माप झालं. हातमोजा बोटांवर बसायला पाहिजे. तुमच्या हातात घालून अंदाज तरी घ्या. मिस्टरांचा हात तुमच्यापेक्षा केवढा मोठा आहे?"

"दोऱ्याला पुरल असा द्या."

बाकड्यावरची बाई हसली. मला हसली का आणखी कशाला, ते मला माहीत नाही. मी पैसे दिले, पुडकं घेतलं आणि एसटी गाठली.

घरी मालकांनी लोकरीचा मोजा घातला, तो ठीक बसला, ताणला की बसतोच. त्यावर रबरी घातला. हात आत गेला आणि प्रत्येक बोटाचं टोक रिकामं लोंबायला लागलं.

सासूबाई चुलीपासून बघत होत्या. "अगं बया, म्हशीची आचळं जणू. पिळ की रं, दूध निघंल."

मालक हसले. मीपण हसले. मग त्यांनी विचारलं, "तू घालून बघितलं न्हाईस?"

"न्हाई."

"घालू दिलं न्हाई त्यानं?" हे विचारताना त्यांचा आवाज बदलला. ते उठायच्या बेतात होते.

मला हो म्हणता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला असता, असं होतच होतं. पण मी खरं ते सांगितलं. "तो आत ये म्हणाला. घालून बघ म्हणाला. मीच न्हाई गेले."

ते खाली बसले. बराच वेळ मोजा हातावरून काढत राहिले, एकेक बोट ओढून. मग म्हणाले, "त्यानं हाकललं असतं तर म्या भांडून आलो असतो. आता भांडू कुणासंग?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. पण त्यांना माझी लाज वाटली होती, आणि ते मला दिसलं. दारोदार जाऊन अंगणात उभा राहून, बोट द्या म्हणणारा माणूस तो. आणि बायको पायरीखाली उभी राहून वर दोरा ठेवून आली.

थोड्या दिवसांनी त्यांना काचांची पेटी भोरला पोचवायची होती. म्हणाले, "तू बी चल. मोजं बदलून आणू. पर आत तू जायाचं. म्या भाईर थांबनार."

तोपर्यंत ते मोजे घालतच होते. चढाला सायकलीवरून उतरून चालायचे, आणि उतार लागायच्या आधी थांबून रबरी मोजे काढून खिशात कोंबायचे. गारठा लागायचा, पण ब्रेक हाताशी राहायचा. हे त्यांनी मला सांगितलं होतं.

त्या पहाटे धुकं फार होतं. मी मागं पेटी धरून बसले होते आणि ते पुढून मला शिकवत होते.

"आत गेल्यावर काय म्हनशील?"

"मोजे बदलून द्या."

"असं न्हाई. आधी बाकड्यावर बसायचं."

"उगंच काय बसू?"

"दमलीस म्हनून बस. मंग हात पुढं करायचा. म्हन बगू, ह्यात हात घालून बगते."

"सायकल चालवा तुमी."

"म्हन की!"

"ह्यात हात घालून बगते," मी म्हणाले, आणि आम्ही दोघंही हसलो. त्या बोलण्यात उतार कधी सुरू झाला ते कळलं नाही. मोजे काढायचे राहिले.

पडल्यावर पुष्कळ वेळ रस्त्यानं कोणी आलं नाही. मी पदराचा तुकडा फाडून मालकांचा हात त्यांच्या गळ्यात बांधला. मोजा काढताना ते ओरडले, तो करवंदीच्या काट्यांनी फाटलाच होता. मला गुडघ्याला आणि कपाळाला लागलं होतं. पेटी उघडून बघितली. दोन-चार काचा धड होत्या, बाकी सगळा चुरा. मग लाकूड घेऊन जाणारा एक ट्रक आला. ड्रायव्हरनं सायकल लाकडांवर टाकली आणि आम्हाला पुढं बसवून भोरला आणलं. वाटेत त्यानं विचारलं, "कशानं पडला?" मालक म्हणाले, "धुकं हुतं."

दवाखान्यात हाताला प्लास्टर घातलं. बाहेर आल्यावर मला वाटलं आता घरी जायचं. मालक म्हणाले, "दुकान कुठं हाय?"

"आता कशाला? हात बघा तुमचा."

"हात बरा झाल्यावर घालाया लागतीलच. चल."

ते खरंच बाहेर थांबले. पायरीला टेकून उभे, गळ्यात हात. मी पायरी चढले. साडीला चिखल, कपाळाला पट्टी, केसांत करवंदीचा पाला. दुकानदारानं मला ओळखलं.

"अहो, हे काय झालं? बसा आधी."

मी बसले. त्यानं तांब्या-भांडं पुढं ठेवलं. भांडं माझ्या हातात दिलं. मी पाणी प्यायले आणि तिथंच मला रडू फुटलं. असं रडले की मला आवरेना. आमच्या घरात कोणी मेलं तरी मी अशी रडले नव्हते. तो बिचारा गोंधळून गेला.

"फार लागलंय का?"

"व्हय," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार!

मग त्यानं रबरी मोज्यांचे लहान जोड काढले. मी माझे तेच चिरलेले हात त्यात घातले. मालकांचा हात माझ्या हातापेक्षा बोटाच्या एका पेरानं लांब आहे, त्या अंदाजानं बघितलं. दुकानदार म्हणाला, नुसतं घालून कळणार नाही, मूठ मिटून बघा. त्याची स्वतःची सायकल पायरीशी लावलेली होती. तिथं जाऊन मी मोजा घालून ब्रेक दाबला. रस्त्यावरची माणसं बघत होती, चिखलानं भरलेली बाई दुकानदाराच्या सायकलीचा ब्रेक दाबतीय. मालकांनी डाव्या हातात मोजा घालून दाबला. टोक मध्ये आलं नाही. तो जोड घेतला. जुना फाटलेला होता, तो त्यानं परत घेतला नाही आणि आम्ही तसं म्हणालोही नाही.

"बसला ना नीट?" त्यानं विचारलं.

"बसला," मालक म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

तिथून पेटी द्यायला गेलो. साहेबांनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. हाताबद्दल विचारलं, काळजी घ्या म्हणाले. आणि बोलल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यापासून दुसरा माणूस लावला. तो माणूस त्याच घरांत जाऊन पुन्हा बोटं मागायला लागला, तेव्हा लोक म्हणायचे, "मागचं रगत काय प्यालात का रं?" हे आम्हाला वाडीवर येऊन सांगणारे पुष्कळ होते.

मालकांचं मनगट जुळलं, पण बारीक काम त्या हाताला पुन्हा आलं नाही. सुई धरता यायची नाही. पुढं ते रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. मीही जायचे. नीट बसणारे मोजे काही दिवस खुंटीला होते, मग मी ते गोठ्यात वापरले. सासूबाई मरेपर्यंत त्या आचळांची गोष्ट येईल त्याला सांगत होत्या. मालकांनी मात्र मला कधी टोचून बोलून दाखवलं नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, बोलावं एकदा.

आता कोणत्याही दुकानात मी सरळ आत जाते, बसते, माल हातात घेऊन बघते. मुली म्हणतात आई फार चिकित्सा करते. करते. तरी पायरी आली की क्षणभर पाय थांबतो, आणि थांबला की मला त्याची लाज वाटते.

पडलो तेव्हा सायकलीवर आम्ही दोघं होतो, नवरा आणि मी. दोघंही वाचलो, गेली ती नोकरी.